३२० केबलींचा हिशेब

डेटा सेंटर म्हटले की सर्व्हरच्या लांबच लांब रांगा डोळ्यांपुढे येतात, पण त्या सर्व्हरना जोडणारे जाळे उभारणे किती किचकट असते, हे एका साध्या गुणाकारावरून कळते. ४० रॅक, म्हणजे सर्व्हरची कपाटे, असलेल्या दालनात प्रत्येक रॅकला त्यातील सर्व्हर जोडणारा एक ‘लीफ’ स्विच (माहिती योग्य दिशेने पाठवणारे उपकरण) आणि वर या लीफना एकमेकांशी जोडणारे ८ ‘स्पाइन’ स्विच असतील, तर प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडावा लागतो. म्हणजे ३२० केबली, ६४० टोके आणि तितकीच प्रकाशाचे विजेत व विजेचे प्रकाशात रूपांतर करणारी ट्रान्सीव्हर उपकरणे. या रचनेमागची कल्पना बेल लॅब्समधील चार्ल्स क्लो यांनी १९५३ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडली होती.

गुणाकार सोपा असला तरी कामांचा क्रम सोपा नसतो. वीज आणि शीतकरण सिद्ध झाल्याविना स्विच चालू करता येत नाही आणि केबलींची लांबी रॅकची जागा पक्की झाल्यावरच ठरते. मात्र स्विच आणि ट्रान्सीव्हर हाती यायला कित्येक महिने लागू शकत असल्याने त्यांची मागणी आराखडा पूर्ण होण्याआधीच नोंदवावी लागते. कोणत्या कामाला एक दिवस उशीर झाल्यास सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो, हे शोधण्याची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स केली आणि मॉर्गन वॉकर यांनी विकसित केली, आणि असा प्रकल्प चालवणाऱ्या कार्यक्रम व्यवस्थापकाचे मुख्य काम आजही त्याच प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते महागड्या स्विचपेक्षा त्याने किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर अधिक लक्ष ठेवावे, कारण एका प्रकारची केबल आली नाही म्हणून कोट्यवधींची यंत्रे नुसती उभी राहू शकतात.

धूळ हा आणखी एक दुर्लक्षित शत्रू. सिंगल-मोड फायबरचा, म्हणजे अशा केबलीतील काचेच्या तंतूचा, प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर रुंद, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असतो; नेमका त्यावर बसलेला एखादा कण प्रकाश अडवतो आणि जोडणी कधी चालते, कधी तुटते. त्यामुळे प्रत्येक टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, पुसून मगच पोर्टमध्ये, म्हणजे जोडणीच्या खाचेत, बसवावे लागते, आणि वेळापत्रकात त्यासाठी वेगळा वेळ धरावा लागतो.

केबल चुकीच्या पोर्टमध्ये गेली, तरी दिवा हिरवाच लागतो! ही चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एलएलडीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना माहिती देण्याची ठरलेली पद्धत, वापरतात: प्रत्येक स्विच ठरावीक अंतराने, बहुधा दर ३० सेकंदांनी, आपले नाव व पोर्ट क्रमांक शेजाऱ्याला कळवतो, आणि एक छोटी आज्ञावली ही माहिती आराखड्याशी ताडून चुकलेल्या जोडण्यांची यादी देते.

शेवटी एक स्पाइन मुद्दाम बंद करून पाहतात. क्षमता एक अष्टमांशाने घटावी, पण संपर्क कुठेही तुटू नये, अशी अपेक्षा असते. मुदत जवळ आली की वेळापत्रकातून सर्वांत आधी वगळली जाते ती हीच चाचणी, आणि व्यवस्थापकाने अडून बसावे तेही इथेच.