स्मोंग: आठ मिनिटांत डोंगर गाठायला लावणारा शब्द

26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाचं केंद्र इंडोनेशियातल्या सुमात्राच्या पश्चिमेकडच्या सिमेउलुए बेटापासून अगदी जवळ होतं. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पहिली लाट साधारण आठ मिनिटांत धडकली. हवाईतल्या त्सुनामी केंद्राचं पहिलं पत्रक निघालं ते पंधराव्या मिनिटाला, आणि हिंदी महासागरात तर इशाऱ्याची यंत्रणाच नव्हती. बेटाची वस्ती सुमारे 78,000. माणसं दगावली सात. उत्तर टोकाचं लांगी गाव मुळासकट वाहून गेलं, पण गावकरी तोवर डोंगरावर पोचले होते.

याचं मूळ 4 जानेवारी 1907 च्या लाटेत आहे. तिने किनाऱ्यावरच्या वस्त्या धुऊन नेल्या. अशा लाटेला तिथे 'स्मोंग' म्हणतात. वाचलेल्यांनी हा शब्द आजी-आजोबांच्या गोष्टींतून आणि 'नांदोंग' या गाण्यांतून नातवंडांपर्यंत पोचवला. त्यासोबत क्रमही पाठ करून घेतला: मोठा धक्का बसला की घराबाहेर, नजर समुद्रावर; पाणी मागे हटलं की 'स्मोंग' अशी हाळी, आणि सामानसुमान टाकून, पोरंबाळं-म्हातारी घेऊन डोंगर. डोंगर किनाऱ्यालगतच आहेत, हेही तितकंच मोलाचं.

सुमात्राच्या किनाऱ्यावर, आचेहमध्ये, ही आठवण उरली नव्हती. पाणी ओसरलं तेव्हा तिथे कित्येक जण उघड्या तळावरची मासळी गोळा करायला धावले. आपणही अशी आठवण जपली नाही. 28 नोव्हेंबर 1945 च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, माणसंही गेली. तरी 2004 नंतर आपल्याला 'त्सुनामी' हा जपानी शब्द उचलावा लागला.

स्मोंगच्या क्रमात दोन धोके आहेत. समुद्र दर वेळी आधी मागे हटतोच असं नाही. कधी थेट पाणीच चढतं. म्हणून ओहोटीची वाट पाहत थांबणं घातक. दुसरं, काही भूकंप सावकाश, सौम्य हादरतात पण प्रचंड लाट उठवतात. 25 ऑक्टोबर 2010 ला दक्षिणेकडच्या मेंतावाई बेटांवर हेच झालं. धक्का हलका वाटला, अनेक जण जागचे हललेच नाहीत. 400 हून अधिक माणसं गेली.

त्यामुळे धक्क्याच्या जोरापेक्षा तो किती वेळ टिकला ते मोजावं. इंडोनेशियात आता 20-20-20 शिकवतात: 20 सेकंद हादरलं, तर 20 मिनिटांच्या आत 20 मीटर उंची गाठा. सिमेउलुएच्या उत्तर किनाऱ्याला मात्र 20 मिनिटं मिळत नाहीत. तिथे हादरे थांबले की पाय डोंगराकडेच वळायला हवेत.