डिंगो कुंपण

डिंगो कुंपण : ऑस्ट्रेलियातील डिंगो या रानटी कुत्र्यांना मेंढ्यांच्या कुरणांबाहेर ठेवण्यासाठी उभारलेले तारेच्या जाळीचे कुंपण. लांबी सुमारे ५,६०० किमी. क्वीन्सलंड राज्यात डॅल्बीजवळच्या जिम्बूर येथे त्याची सुरुवात होते. तिथून ते पश्चिमेकडे जाते, न्यू साउथ वेल्सच्या सीमेला लागून वळते आणि साउथ ऑस्ट्रेलियातले वाळवंट पार करून नलार्बर मैदानाच्या टोकाला, समुद्रावरच्या उभ्या कड्यांपाशी संपते. कुंपणाच्या आत म्हणजे आग्नेय बाजूला मेंढ्या आणि बाहेरच्या बाजूला मुख्यतः गुरे, अशी ढोबळ वाटणी आहे. मोठ्या गुरांना डिंगोचा धोका कमी असतो, तो मुख्यतः वासरांपुरता.

डिंगो हा साधारण १५ ते २० किलो वजनाचा, बहुधा तांबूस-पिवळ्या रंगाचा प्राणी. आपल्या सह्याद्रीतल्या कोळसुंद्याशी त्याचे नाते दूरचे आहे. पाळीव कुत्र्याला तो कितीतरी जवळचा. किमान साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसाबरोबर समुद्रमार्गे तो ऑस्ट्रेलियात पोचला आणि तिथे रानात मोकळा झाला. युरोपीय वसाहतकार मेंढ्या घेऊन आले, तेव्हा मुख्य भूमीवरचा सर्वांत मोठा शिकारी सस्तन प्राणी तोच होता. मेंढी पळते, पण लांब पळत नाही आणि उलटून मारत नाही. त्यामुळे डिंगो एका रात्रीत भुकेपेक्षा कितीतरी जास्त जनावरे फाडतो. मेलेल्या मेंढ्या मोजता येतात. मांडीला आणि पोटाला चावे घेतलेल्या मेंढ्या मात्र जखमा चिघळून पुढे कित्येक दिवस मरत राहतात. मेंढपाळांच्या रागाचे मूळ इथे आहे, आणि तो राग खोटा नाही.

हे कुंपण का उभे राहिले, हे समजायला त्या देशातला मेंढपाळ कसा नाहीसा झाला ते पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथेही कळपामागे माणूस चालत असे आणि रात्री मेंढ्या लाकडी फळ्यांच्या तात्पुरत्या वाड्यात कोंडल्या जात. आपल्याकडे धनगर आजही रानात मुक्काम पडला की वाघर म्हणजे जाळ्याचे कुंपण लावून मेंढरे आत घेतात, कुत्री बाहेर सोडतात आणि स्वतः शेजारी झोपतात. ऑस्ट्रेलियात १८५१ नंतर सोन्याच्या खाणींकडे माणसांची रीघ लागली आणि मेंढ्या राखायला मजूर मिळेनासा झाला. पुढच्या काही दशकांत तार स्वस्त होत गेली. हजारो हेक्टरांचे रान तारेने वेढायचे आणि मेंढ्या वाऱ्यावर सोडायच्या, ही पद्धत मग रूढ झाली. राखणदार गेला आणि त्याची जागा तारेने घेतली. पण तार रात्री जागत नाही, ओरडत नाही आणि स्वतःला दुरुस्त करत नाही. डिंगो कुंपणाचा पुढचा सगळा इतिहास ही उणीव भरून काढण्याचा आहे.

आजच्या कुंपणाचे काही भाग १८८० च्या दशकातले आहेत. ते मुळात सशांसाठी घातले होते. ससे त्याला जुमानले नाहीत. जाळी मात्र उरली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचीच उंची वाढवून ती डिंगोंसाठी वापरात आली. शेजारशेजारच्या मेंढपाळांनी आपापल्या खर्चाने घातलेली कुंपणे हळूहळू जोडली गेली. न्यू साउथ वेल्सने १९२१ मध्ये रानकुत्र्यांच्या नायनाटासाठी कायदा केला. साउथ ऑस्ट्रेलियाने १९४६ मध्ये स्वतंत्र डॉग फेन्स कायदा करून कुंपणाची देखभाल एका मंडळाकडे सोपवली. आत जमीन असणाऱ्यांकडून पट्टी घ्यायची आणि सरकारने त्यात भर घालायची, अशी व्यवस्था तिथे आहे. क्वीन्सलंडने आपला भाग १९५० च्या दशकात जोडला. एके काळी ही साखळी आजच्यापेक्षा बरीच लांब होती. १९८० च्या सुमारास ती आखूड करण्यात आली, कारण एवढी लांबी सांभाळणे परवडत नव्हते.

कुंपण दिसायला अगदी साधे आहे. बहुतेक ठिकाणी उंची सुमारे १.८ मीटर. लाकडी किंवा लोखंडी खांब, त्यांवर ताणलेल्या आडव्या तारा आणि तारांना बांधलेली जाळी. जाळीचा खालचा भाग जमिनीत पुरलेला असतो, किंवा जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवा पसरून दाबलेला असतो. खरी मेख याच खालच्या पट्टीत आहे. डिंगो चढू शकतो, उडीही मारू शकतो, पण त्याची पहिली धाव असते ती जाळीच्या बुडाशी. तो नाक लावत कडेकडेने चालतो आणि सैल जागा सापडली की उकरतो. जाळी आडवी पसरलेली असली, तर तो नेमका तिच्यावरच उभा राहून उकरू पाहतो आणि नख्या तारेला लागतात. कुत्र्यांसाठी कुठेही, अगदी घराच्या आवारात कुंपण घालताना सुद्धा, उंचीवर पैसे ओतून बूड मोकळे सोडणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. साउथ ऑस्ट्रेलियातल्या काही टप्प्यांत सौरऊर्जेवर चालणाऱ्या विजेच्या तारा आहेत. त्यांचा झटका जनावराला मारत नाही, पुन्हा जवळ येऊ देत नाही.

सपाट, टणक जमिनीवर हे सारे ठीक चालते. ओढा आडवा आला की अडचण सुरू होते. पाणी जाऊ द्यायचे आणि कुत्रा अडवायचा, म्हणून तिथे वरून लोंबणारी झापे बसवतात. पाण्याच्या जोराने ती उचलली जातात, पाणी ओसरले की खाली येतात. पण पुराबरोबर ओंडके आणि झाडोरा आला, तर झापांसकट खांब उखडतात. वाळूच्या टेकड्यांवर वेगळीच अडचण. वारा जाळीशी वाळू साठवत जातो, कुंपण गाडले जाते आणि डिंगोला आयती चढण मिळते. मग गाडलेल्या कुंपणाच्या डोक्यावर नवे कुंपण बांधावे लागते. काही ठिकाणी असे थर एकावर एक चढले आहेत. उलट बाजूने वारा वाहिला की जाळीचे बूड उघडे पडते. यात भर म्हणजे कांगारू आणि एमू जाळीला धडकतात, रानडुकरे आणि बिळे खणणारे वॉम्बॅट खालून वाट काढतात आणि मोकाट उंट अख्खा टप्पा लोळवतात.

म्हणून या कुंपणाला राखणदार लागतातच. कुंपणालगत झाडोरा काढून मोकळा पट्टा ठेवलेला असतो, तिथून गाडीने गस्त चालते. गाडीत फावडे, पक्कड, तारेची वेटोळी आणि खांब. गस्तवाला जाळीकडे पाहतोच, पण त्याहून जास्त धुळीतल्या पंज्यांकडे पाहतो. पंजा आतल्या बाजूला उमटलेला दिसला, तर भोक बुजवणे हे अर्धेच काम. आत शिरलेला कुत्रा शोधावा लागतो. कुंपणाच्या आसपास १०८० या विषाची आमिषेही टाकली जातात. रस्ते ओलांडतात तिथे लोखंडी नळ्यांच्या जाळ्या किंवा फाटके आहेत. तीन राज्यांच्या सीमा जिथे मिळतात त्या कॅमेरॉन कॉर्नरला फाटकावर ते बंद करून जाण्याची ताकीद आहे, उघडे टाकले तर दंड होतो.

डिंगो अडले, पण त्याबरोबर रानाचे गणितही बदलले. आतल्या बाजूला कांगारू बेसुमार वाढले आणि मेंढ्यांसाठी राखलेले गवत त्यांनी खाल्ले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपग्रहांच्या तीन दशकांच्या चित्रांवरून असे दिसले, की पाऊस पडल्यावर आतली हिरवळ बाहेरच्या इतकी भरत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी स्ट्रझेलेकी वाळवंटात तर वाळूच्या टेकड्यांचा आकारच कुंपणाच्या दोन्ही बाजूंना वेगळा असल्याचे दाखवले. त्यांनी लावलेली साखळी अशी : डिंगो नाहीत म्हणून कोल्हे आणि मांजरे वाढली, त्यांनी बिया खाणारे उड्या मारणारे उंदीर संपवले, बिया उरल्या, झुडपे दाटली, झुडपांनी वारा अडवला आणि टेकड्या उंच झाल्या. एका जाळीचा परिणाम वाळूपर्यंत जावा, हे चकित करणारे आहे.

डिंगोच्या बाजूने बोलणारे केवळ शास्त्रज्ञ नाहीत. अनेक आदिवासी समूहांच्या कथांत आणि नात्यांत डिंगोला मानाचे स्थान आहे, आणि त्यांच्या भूमीतून हे कुंपण नेताना त्यांना कोणी विचारले नव्हते. २०२३ मध्ये केर्न्स येथे जमलेल्या आदिवासी प्रतिनिधींनी डिंगोंची कत्तल थांबवण्याची मागणी करणारा जाहीरनामा काढला. मेंढपाळांची बाजू मात्र याने हलकी होत नाही : १९७० च्या सुमारास सुमारे १८ कोटी असलेल्या मेंढ्या आज निम्म्याहून कमी आहेत. त्याला लोकरीचे पडलेले भाव आणि दुष्काळ मुख्यतः जबाबदार असले, तरी पश्चिम क्वीन्सलंडमध्ये अनेकांनी रानकुत्र्यांमुळेच मेंढ्या सोडून गुरे धरली. तिथे २०१३ नंतर शेजारी मिळून सामाईक कुंपणे घालू लागले आणि काही भागांत मेंढ्या परतल्या. २०२५ च्या पुरात यातली हजारो किलोमीटर कुंपणे आडवी झाली.

मूळ कुंपणाचेही नूतनीकरण चालू आहे. साउथ ऑस्ट्रेलियाने आपल्या सुमारे २,१५० किमीपैकी १,६०० किमी जुनाट भाग नव्याने बांधायला घेतला. अंदाजित खर्च अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. न्यू साउथ वेल्सच्या वायव्य कोपऱ्यातल्या स्टर्ट राष्ट्रीय उद्यानात कुंपण थोडे मागे घेऊन डिंगोंना आत येऊ द्यावे आणि परिणाम मोजावेत, असा प्रस्ताव २०१५ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडला होता. प्रयोग करण्याजोगा हा प्रस्ताव आहे; मात्र त्या उद्यानाला लागून ज्यांच्या मेंढ्या चरतात, त्यांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न त्याआधी सुटायला हवा.