न उडणारा थिनर

"साहेब, ह्या नवीन हार्डनरला वासच नाही बघा. मग मास्क कशाला पायजे?"

भोसरीतल्या एका गॅरेजात टेम्पोचं दार रंगवायला घेतलेले मामा मला समजावत होते. हातात लिटरभराचा डबा, डब्यावर हिरवं पान आणि 'लो व्हीओसी' अशी अक्षरं, म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं कमी. तोंडावरचा रुमाल गळ्यात घसरलेला. फळीवर थिनरच्या कॅनशेजारी कागदात गुळाचा खडा. गन ठेवली की तो तोंडात टाकायचा, म्हणजे छातीत गेलेला रंग 'उतरतो'. मी काही वर्षं रेझिनच्या प्रयोगशाळेत काढलेली, त्यामुळे गुळाचं नंतर बघू म्हणून आधी डबा हलवून पाहिला. पाण्यासारखा नव्हता, पण आमच्या वेळच्या हार्डनरसारखा जाडही नव्हता. एरंडेलासारखा डुचमळला.

मामांची चूक समजण्यासारखी आहे. टूपॅक पीयूचा, म्हणजे दोन डबे कालवून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगाचा, तो डोक्यात जाणारा वास थिनरचा. या हार्डनरला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. थिनर कमी झाला म्हणून वास गेला, आणि थिनर कमी करता आला तो हार्डनर पातळ झाला म्हणून. हार्डनर पातळ करणं म्हणजे त्यात काहीतरी ओतणं, असं कुणालाही वाटेल. इथे मात्र काहीच ओतलेलं नाही, रेणूचा आकारच बदललाय.

आधी पीयूची तोंडओळख. दोन डबे असतात. एकात रेझिन, त्याच्या रेणूंना जागोजागी ओएच गट लटकलेले. दुसऱ्यात हार्डनर, त्याच्या टोकांना एनसीओ गट, म्हणजे नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन एका रांगेत. हा गट असलेल्या रसायनांना आयसोसायनेट म्हणतात. हे दोन गट भेटले की एकमेकांना कायमचे धरतात, हजारो ठिकाणी धरतात, आणि पत्र्यावर एक अखंड जाळं विणलं जातं. म्हणून पीयूवर पेट्रोल सांडलं तरी रंग निघत नाही. या रसायनाची सुरुवात 1937 साली जर्मनीत लेव्हरकूझेनला ऑटो बायर यांनी केली. बायर कंपनीच्या घराण्याशी यांचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं एक. आज विमानं, पवनचक्कीची पाती, रेल्वेचे डबे, बस, ट्रॅक्टर, सगळीकडे वरचा थर बहुतेक हाच.

आता थिनर कशाला लागतो? गनच्या बारीक भोकातून रंगाचे तुषार उडायचे तर तो पातळ हवा. किती पातळ, ते फोर्ड कपाने बघतात. छोटा पेला, बुडाला 4 मिलिमीटरच्या आसपास भोक. भोकाखाली बोट धरायचं, काठोकाठ भरायचं, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. वीस सेकंदांच्या आसपास आला की गनला चालतो. श्यानतेच्या, म्हणजे द्रवाच्या घट्टपणाच्या, भाषेत हे ढोबळमानाने 50-60 मिलिपास्कल-सेकंद. पाणी साधारण 1, एरंडेल सातशेच्या आसपास. मामांकडे कप होता, पण त्यात ब्रश भिजत पडलेले. ते काठी उचलून धार बघतात, आणि खरं सांगायचं तर फारसं चुकतही नाहीत.

थिनरचं काम एवढंच: रंग पत्र्यापर्यंत पोचवायचा आणि उडून जायचं. उडून जायचं कुठे, हा प्रश्न बरीच वर्षं कुणाला पडला नव्हता. लॉस एंजेलिसच्या धुरकट, डोळे चुरचुरणाऱ्या हवेचा छडा लावताना एरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास दाखवलं, की हवेतली हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात शिजली की ओझोन तयार होतो. पेट्रोलची वाफ त्यात आली, तसा रंगाचा थिनरही आला. 1966 मध्ये तिथे 'रूल 66' झाला आणि सॉल्व्हंटवर, म्हणजे थिनरसारख्या उडणाऱ्या द्रवांवर, पहिल्यांदा कायद्याचा हात पडला. युरोपात 2007 पासून गाडी पुन्हा रंगवायच्या टॉपकोटमध्ये, गनमध्ये भरायच्या तयार रंगाला, लिटरमागे 420 ग्रॅम व्हीओसी ही मर्यादा आहे. सॉल्व्हंट पाण्याहून हलका, म्हणजे 420 ग्रॅम म्हणजे जवळपास अर्धा लिटर. कडक कायद्यातही आपण निम्मा डबा हवेत सोडतो! जुने रंग तर याच्या बरेच पुढे होते.

मग रंग मुळातच पातळ का करू नये? रेझिनचे रेणू लहान करता येतात, पण फार लहान केले तर रंग सुकता सुकत नाही. उरतो हार्डनर. दोन भाग रंगाला एक भाग हार्डनर असं प्रमाण गॅरेजात सर्रास असतं. तो एक भाग पातळ असेल तर तोच थिनरचं काम करील, आणि वर उडून न जाता जाळ्यात विणला जाईल. न उडणारा थिनर. कल्पना इतकी सरळ आहे, की आधी का नाही सुचली असं वाटावं. सुचली होती. अडचण वेगळीच होती.

हार्डनरचा मूळ कच्चा माल म्हणजे एचडीआय, लांबलचक नाव हेक्झामेथिलीन डायआयसोसायनेट. सहा कार्बनांची लवचीक साखळी, दोन्ही टोकांना एनसीओ. हा द्रव पाण्यासारखाच पातळ. पण त्याची वाफ होते आणि ती फुप्फुसांना अतिशय घातक. कामाच्या जागी हवेतलं त्याचं प्रमाण दिवसभराच्या सरासरीने अब्जात 5 भागांहून जास्त नसावं, अशी शिफारस अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी केली आहे. अब्जात पाच! म्हणून तो तसाच डब्यात भरून विकणं शक्य नाही. रसायनज्ञांनी उपाय काढला: तीन-तीन रेणू एकत्र बांधायचे. जड झाले की उडत नाहीत. पण जड झाले की घट्टही होतात, आणि घट्ट झाले की पुन्हा थिनर ओता. हा पेच पुढे अनेक वर्षं सुटला नाही.

तीन रेणू बांधायचा पहिला गाजलेला मार्ग बाय्युरेटचा. थोडं पाणी घालायचं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तीन एचडीआय जुळतात. पण या जोडणीत नायट्रोजनला हायड्रोजन चिकटून राहतो, आणि असा हायड्रोजन शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन धरू पाहतो. गवतातून चालताना धोतराला कुसळं लागावीत तसं. एकेक कुसळ क्षुल्लक, पण सगळी मिळून चाल मंदावतात. जुन्या बाय्युरेटची श्यानता 23 अंश सेल्सिअसला 10,000 मिलिपास्कल-सेकंदांच्या घरात होती. (हार्डनरच्या कागदावर तापमान बहुधा हेच छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात तोच हार्डनर आपोआप पातळ होतो आणि डिसेंबरात नाशिकला त्याचा पाक होतो. 'माल बदलला' ही तक्रार अनेकदा हवामानाची असते.)

दुसरा मार्ग ट्रायमरचा, म्हणजे तीन रेणू मिळून एक. तीन एनसीओ एकमेकांत गुंफून सहा अणूंचं कडं करतात: नायट्रोजन, कार्बन, नायट्रोजन, कार्बन, असं आळीपाळीने. तिन्ही ऑक्सिजन कड्याबाहेर, आणि तीन नायट्रोजनांवरून तीन शेपट्या, प्रत्येकीच्या टोकाला वापरायला मोकळा एनसीओ. डोळ्यांपुढे बेलाचं पान आणा. इथे ती हायड्रोजनची कुसळं नाहीत. तरी नेहमीच्या ट्रायमरची श्यानता सुमारे 3,000 असते. का?

एक कारण कारखान्यातलं. तीनवर थांबायचं हे रसायनाला कळत नाही. बेलपानाच्या शेपटीचं टोकही एनसीओच, तेही पुढच्या कड्यात ओढलं जातं, आणि पाच रेणूंचे, सात रेणूंचे गठ्ठे होतात. शुद्ध ट्रायमरमध्ये वजनाने 25 टक्के एनसीओ असायला हवा, बाजारातल्या मालात बावीसच्या आसपास भरतो, तो फरक या गठ्ठ्यांचा. घट्टपणा मुख्यतः तेच वाढवतात. उपाय म्हणजे क्रिया लवकर थांबवायची. पण मग कढईत न जुळलेला एचडीआय ढिगाने उरतो. तो निर्वातात, गरम भिंतीवर पातळ थर पसरवून उडवायचा, गोळा करायचा आणि पुन्हा कढईत घालायचा. श्यानता 1,200 पर्यंत उतरते, पण त्याचे पैसे विजेच्या आणि वाफेच्या बिलात मोजावे लागतात.

दुसरं कारण सममितीचं, आणि हे माझं लाडकं. पिंडीवर बेलपानं वाहिली की एकावर एक चपखल बसतात. सपाट, तिन्ही बाजूंनी सारखी. अशी कडी एकमेकांना जवळ घेतात, आणि वाहायचं म्हणजे तर एकावरून दुसऱ्याने सरकायचं. आता समजा, कडं होताना तीनपैकी एक एनसीओ उलटा शिरला. नायट्रोजनच्या बाजूने जुळायच्या ऐवजी ऑक्सिजनच्या बाजूने. तो ऑक्सिजन कड्यात बसला आणि त्याचा नायट्रोजन, शेपटीसकट, बाहेर राहिला. तेच अणू, तितकेच अणू, तेच वजन, मोकळे एनसीओ तेवढेच तीन. फक्त एक पान पिळवटलेलं. अशी पानं रचून बघा, ढीग घसरतो. या कड्याचं नाव इमिनोऑक्साडायझिनडायोन. आम्ही 'असिमेट्रिक ट्रायमर' म्हणून सुटका करून घ्यायचो. फ्लोराइड असलेला कॅटलिस्ट वापरला की मिश्रणात अशा कड्यांचा वाटा बराच वाढतो. असा हार्डनर सुमारे 730 वर येतो. एरंडेल! मामांच्या डब्यात तेच डुचमळत होतं, असा माझा अंदाज.

याहून पातळ हवा तर दोनच एचडीआय जोडून चार अणूंचं चिमुकलं कडं करता येतं. त्याचं प्रमाण भरपूर असलेला हार्डनर दोनशेच्याही खाली जातो. पण त्या रेणूला दोनच हात. दोन हातांच्या माणसांची रांग होते, जाळं होत नाही. जाळ्याला तिसरा हात लागतो. एकटा वापरला तर रंग मऊ राहतो आणि थिनरचं फडकं फिरवलं की हार मानतो, म्हणून तो बेतानेच मिसळतात.

आता हिरव्या पानाबद्दल. हल्ली सहाऐवजी पाच कार्बनांच्या साखळीचे हार्डनरही मिळतात, आणि त्या साखळीचा कार्बन वनस्पतींच्या साखरेतून येतो. साखर आंबवून लायसिन, लायसिनपासून पाच कार्बनांचं डायअमाइन. त्याचं जुनं नाव कॅडाव्हरिन, कारण ते सडणाऱ्या प्रेतांत सापडलं होतं. 'निसर्गातून आलेलं' या शब्दांवर भाळणाऱ्यांनी हे नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहावं. टोकाला एनसीओ बसवला की तो ऊसाच्या शेतातून आला की तेलविहिरीतून, हे फुप्फुसाला कळत नाही.

उलट टोकाची भीतीही ऐकू येते: आयसोसायनेट म्हणजे भोपाळचा गॅस. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. इवलासा रेणू, 39 अंशांना उकळणारा. एनसीओ गट तोच, पण ट्रायमर त्याच्या जवळपास नऊपट जड, डबा उघडला म्हणून वाफ होऊन पसरत नाही. गनमधून मात्र त्याला वाफ व्हायची गरजच नसते. तुषार होऊन तो हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर आत जातो. एकदा शरीराने त्याचा दावा धरला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. म्हणूनच युरोपात 24 ऑगस्ट 2023 पासून 0.1 टक्क्याहून जास्त न जुळलेलं, एचडीआयसारखं डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरायचा तर आधी प्रशिक्षण सक्तीचं आहे. मामांना मी सांगितलं, गूळ पोटात जातो, तुषार फुप्फुसात, दोघांची भेट होत नाही. बाहेरून नळीने हवा देणारा मास्क हवा. वासावर तर अजिबात जाऊ नका, वास कळण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते.

"ते ठीक आहे," मामा म्हणाले, "पण ह्या हार्डनरची दुसरीच भानगड आहे." पावसाळ्यात झाकण नीट न लावलेल्या डब्याची त्यांनी पाठ दाखवली. टम्म फुगलेली. हवेतली ओल आत शिरली, एनसीओने पाणी खाल्लं, कार्बन डायऑक्साइड सोडला. ते नेहमीचंच. खरी भानगड ही, की थिनर कमी म्हणजे ओएच आणि एनसीओ यांच्यात अंतर कमी. लवकर भेटतात, लवकर जुळतात. जुन्या मालाला दुपारचं जेवण, चहा, सगळं करून आलं तरी चालायचं. आता कालवलेला रंग त्याआधीच दाटायला लागतो. रंगाच्या मगात काठी उभीच्या उभी रुतलेली होती. मामांनी ती हलवून दाखवली, तर काठीबरोबर मगही उचलला गेला.