जीपचा घरगुती जीर्णोद्धार

जुनी जीप मूळ इंजिन आणि मूळ चासीसह (चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा) पुन्हा चालती करण्याचे काम मालकाने स्वतःच्या अंगणात, पडवीत किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये केले, तर त्याला घरगुती जीर्णोद्धार म्हणता येईल. यातला 'घरगुती' हा शब्द थोडा सैलच घ्यावा लागतो. भाग उतरवणे, धुणे, मोजणे आणि इंजिन पुन्हा बांधणे घरी होते. सिलिंडर बोअर करणे (आतून कापून रुंद करणे), क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा ग्राइंड करणे ही कामे लेथच्या गाळ्यातच होतात. ही वाटणी आधी ठरवली नाही, तर गाडी सुट्या भागांच्या गोण्यांत वर्षानुवर्षे पडून राहते.

भारतात या कामासाठी हाती लागणारी नेहमीची गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-३बी. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालेल्या कंपनीने मुंबईत माझगावला चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन विलीज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आले आणि पुढे परवान्याखाली भारतात बनत राहिले. युद्धकाळातल्या एमबी जीपचे 'गो डेव्हिल' इंजिन बसके होते, कारण त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. सीजे-३बीच्या 'हरिकेन' इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, गेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये राहिले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही उचलावे लागले. सीजे-३बी लांबूनही ओळखू येते ती या उंच कपाळामुळे. दोन्ही इंजिने चार सिलिंडरची, सुमारे २,२०० सीसीची. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ ३/८ इंच. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, ८० इंच.

पाना हातात घेण्याआधी आरसी पुस्तक काढावे. पेट्रोल परवडेनासे झाल्यावर असंख्य जीपमध्ये मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले, त्यामुळे बॉनेटखाली हरिकेनच असेल याची खात्री नसते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती चालवायची. म्हणून चासी आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक ग्राइंडर लागण्याआधी कागदावर ठसा घेऊन जपले पाहिजेत. गंज काढण्याच्या भरात क्रमांकच घासला गेला, तर उरलेल्या गाडीचा कागदोपत्री काही उपयोग नाही.

चासीचा शत्रू चिखल. जीपची चासी बहुतांशी उघड्या पन्हळीच्या आकाराची असते, पण पुढच्या बाजूला ती पेटीसारखी बंद होते आणि तिथे साचलेली माती पावसाळ्यानंतरही ओली राहते. कोकणातल्या गाड्यांत तांबडी माती आणि खारी हवा एकत्र येतात. वरून जाड दिसणारा पत्रा तिथे टोचणीने आरपार जातो. त्यामुळे रंगाआधी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. बद्द आवाज आला की जागा खडूने खुणावायची. स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि कमानपाट्यांच्या शॅकलचे (टोकाच्या झुलत्या कडीचे) ब्रॅकेट इथे बारीक तडे हमखास शोधावेत.

चासी वाकली आहे का, हे कळायला महागडे यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट फरशीवर चासी घोड्यांवर समपातळीत ठेवायची, दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडायचा, फरशीवर खुणा करायच्या आणि चासी बाजूला करून तिरपी अंतरे दोरीने मोजायची. दोन्ही कर्ण जुळले तर चासी काटकोनात आहे. एक-दीड सुताचाही फरक दिसला, तर आधी आपलीच मापे पुन्हा घ्यावीत. आडव्या पट्ट्या मूळच्या रिव्हेटने जोडलेल्या असतात. सैल झालेल्या रिव्हेटवर वेल्डिंगचा गोळा चढवणे हा झटपट उपाय वाटतो, पण चासीची लवचीकता तिथेच अडते आणि तडा शेजारी सरकतो. तड्यावर ठिगळ लावायचे असल्यास पट्टीची टोके शंकरपाळ्यासारखी तिरपी कापतात, म्हणजे वेल्डिंगची रेघ चासीला आडवी छेदत नाही.

जाम झालेले इंजिन जोर लावून फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने मागे-पुढे अगदी थोडे हलवून पाहावे. हरिकेनचे हेड काढताना नवशिक्याची फजिती ठरलेली असते. सगळे दिसणारे बोल्ट निघाले तरी हेड हलत नाही, कारण एक बोल्ट कार्ब्युरेटरखाली, इनलेटच्या वाटेत लपलेला असतो. पहार घालून हेड उचकटण्याआधी कार्ब्युरेटर काढून आत डोकावावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे लॉक काढताना बाजूच्या खोबणीतली भोके चिंधीने बुजवावी लागतात, नाहीतर लॉक थेट ऑइल चेंबरमध्ये जाऊन बसते.

यानंतरचे काम मोजण्याचे. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजायचा. वरच्या रिंगच्या पट्ट्यात तो सर्वांत जास्त झिजलेला सापडतो. लेथवाला 'सरळ चाळीस थाऊ करून टाकू' म्हणेल (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ऐकू नये. दहा किंवा वीस थाऊत भागत असेल तर तेवढेच बोअर करावे, कारण प्रत्येक बोअरिंगला भिंत पातळ होते आणि शेवटी स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, ठोकण्याची वेळ येते. बोअर करण्याआधी पिस्टन हातात असावेत. बोअर पिस्टनच्या मापाने करायचे, छापील मापाने नव्हे. क्रँकला तीन मेन बेअरिंग आहेत, आणि तिची पुढे-मागे सरक पुढच्या टोकाला शिम (पातळ चकत्या) घालून बसवतात. टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट इंजिन थंड असताना इनलेटला ०.०१८ आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच ठेवतात. सगळे नटबोल्ट इंची असल्याने मिलिमीटरचे पाने त्यांची डोकी गोल करतात. इंची पान्यांचा संच पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी शोधणे हा या छंदाचाच भाग झाला आहे.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. पेट्रोलची रिकामी टाकी वेल्डिंगला देऊ नये. आत राहिलेली वाफ पेट घेते. आताच्या पेट्रोलमधले २० टक्के इथेनॉल जुने रबरी पाइप आणि इंधनपंपाचा पडदा खराब करते, तेव्हा हे भाग इथेनॉल सोसणारेच घ्यावेत.

बांधून झालेले इंजिन लगेच पेटवत नाहीत. प्लग न लावता ते फिरवत राहायचे, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मगच प्लग, पेट्रोल, स्पार्क. फायरिंगचा क्रम १-३-४-२. मागच्या मेन बेअरिंगला मूळचे दोरीचे सील असेल, तर तिथून ऑइलचे थेंब पडतच राहतात. त्यासाठी इंजिन पुन्हा उतरवायचे नसते. गाडीखाली पुठ्ठा टाकतात आणि दर रविवारी ऑइलची पातळी पाहतात.