चुरचुरलं म्हणजे गुण आला असं नाही
मृत पेशी काढायला चेहऱ्याला जी अ‍ॅसिडं लावतात, त्यांच्याबद्दल ‘चेहरा चुरचुरला तरच अ‍ॅसिड काम करतंय’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी कितीतरी जणांची चांगली त्वचा सोलवटून निघते. चुरचुरणं ही त्वचेची तक्रार आहे.

यातल्या ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा रेणू लहान. तो झपाट्याने आत शिरतो, म्हणून जास्त झोंबतो. मँडेलिकचा रेणू मोठा, तो सावकाश मुरतो; पण मृत पेशी सैल करायचं काम तोही करतोच. नाजूक त्वचेने तिथूनच सुरुवात करावी. लॅक्टिक ओलावाही धरून ठेवतं, त्यामुळे कोरड्या त्वचेला मानवतं. त्वचा तेलकट आणि नाकावर काळे ठिपके असतील तर सॅलिसिलिक: ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात साचलेल्या तेलापर्यंत पोचतं. ०.५ ते २ टक्के पुरे. (हायलुरोनिक नावालाच अ‍ॅसिड, ते काही सोलत नाही.)

सुरुवातीला क्षणभर मुंग्या आल्या तर ठीक. पण रोजचं साधं मॉइश्चरायझरही झोंबू लागलं, नाकाच्या कडेची त्वचा ताणून चकाकायला लागली, की त्वचा पूर्ववत होईपर्यंत अ‍ॅसिड बंद ठेवा. आणि ग्लायकोलिक, लॅक्टिक लावत असाल तर दिवसा सनस्क्रीन हवंच, कारण त्वचा उन्हाला हळवी होते.