उपकरण-अवतरण, अनुरूपकातील

उपकरण-अवतरण, अनुरूपकातील : घरच्या संगणकावरील उड्डाण-अनुरूपकात (फ्लाइट सिम्युलेटरमध्ये) प्रवासी जेट विमान, धावपट्टी नजरेस पडत नसताना, केवळ काट्यांच्या आधारे खाली आणून उतरवण्याचा सराव. सराव करणारे याला ‘आयएलएसवर (इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, म्हणजे रेडिओ शलाकांनी वाट दाखवणाऱ्या उपकरण-अवतरण प्रणालीवर) उतरणे’ म्हणतात. विदर्भातील खेड्यांतून हा सराव बहुधा जुन्या लॅपटॉपवर, पुष्कळदा जॉयस्टिकविना, नुसत्या कळफलकावर चालतो.

या सरावाचा आरंभ कोठून मानावा, याविषयी एकमत नाही. काही लेखक तो फ्रान्समधील आंत्वानेत विमानाच्या शिक्षणयंत्रापर्यंत, म्हणजे साधारणतः १९१० पर्यंत मागे नेतात. पिंपाचे अर्धे भाग वापरून केलेल्या त्या यंत्रात हाताचा तोल शिकवला जाई, उपकरणे मात्र नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटनच्या एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास केलेले यंत्र या नोंदीच्या विषयाला अधिक जवळचे आहे. त्यांच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता आणि ऑर्गनचे भातेच लिंक यांनी यंत्र हलवण्यासाठी वापरले. प्रथम ते जत्रा-उद्यानांतच अधिक खपले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याने हवाई टपालाचे काम हाती घेतले आणि खराब हवेत डझनभर वैमानिक दगावले. त्यानंतर सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. झाकणबंद पेटीत बसून बाहेरचे काही न पाहता काट्यांवर विश्वास ठेवायला शिकणे, हे सूत्र तेव्हापासून बदललेले नाही.

प्रत्यक्ष विमानातील पहिले उपकरण-अवतरण कोणते, हाही वादाचाच मुद्दा. जेम्स डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी मिचेल फील्डवर झाकलेल्या कक्षात बसून उड्डाण केले व उतरले. पण दिशा रेडिओने कळत असली, तरी उतरणीचा कोन दाखवणारी रेडिओ शलाका (ठरावीक दिशेने सोडलेला रेडिओ-झोत) त्यांच्यापाशी नव्हती. म्हणून त्याला अंध अवतरणाचा आरंभ म्हणणे योग्य. आजच्या अर्थाच्या प्रणालीसाठी २६ जानेवारी १९३८ ही तारीख अधिक समर्पक वाटते. त्या दिवशी नियमित सेवेतील एक बोइंग २४७ हिमवादळात पिट्सबर्गला या प्रणालीवर उतरले. घरगुती संगणकावरील अनुरूपक ब्रूस आर्टविक यांच्यामुळे १९८० च्या आसपास आला. मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ ची.

तत्त्व : धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडील अँटेना १०८ ते ११२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात एकाच वाहक लहरीवर दोन सूर पाठवते. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डाव्या बाजूस ९० हर्ट्‌झचा सूर प्रबळ असतो, उजव्या बाजूस १५० हर्ट्‌झचा. दोन्ही सारखे भरले की विमान मध्यरेषेवर. यालाच लोकलायझर म्हणतात. उतरणीसाठीची ग्लाइड स्लोप शलाका ३३० मेगाहर्ट्‌झच्या आसपास असते. तिच्यात ९० चा सूर वर, १५० चा खाली, आणि कोन बहुधा ३ अंशांचा. लोकलायझरची रुंदी धावपट्टीच्या आरंभी सुमारे २१० मीटर राहील अशी बसवतात. त्यामुळे पट्टी जितकी लांब तितका कोन अरुंद. नागपूरच्या सोनेगावसारख्या ३,२०० मीटरच्या पट्टीसाठी, अँटेना टोकापासून ३०० मीटरवर धरल्यास, काटा पूर्ण कलायला मध्यरेषेपासून जेमतेम पावणेदोन अंश पुरतात. नवख्याचा काटा सतत पलीकडे निसटतो याचे मूळ यात आहे. हात कच्चा म्हणून खचण्याचे कारण नाही.

अनुरूपकात मात्र यातला एकही सूर नसतो. विमान कोठे आहे आणि अँटेना कोठे आहे हे आज्ञावलीला ठाऊक असते. ती कोन मोजते आणि काटा हलवते. अँटेनाजवळ उभ्या वाहनामुळे शलाका वाकणे, किंवा ९ अंशांच्या आसपास भेटणारी फसवी शलाका, या गोष्टी म्हणून सहसा अनुभवाला येत नाहीत. तरीही ग्लाइड स्लोप नेहमी खालून गाठण्याची शिस्त पाळावी. घरी लागलेले वळण पुढे खऱ्या विमानातही हाताबरोबर जाते.

कृती : लोकलायझरची कंप्रता व धावपट्टीची दिशा भरावी. मध्यरेषेला ३० अंशांच्या आत कोनाने भिडावे. आधी लोकलायझर पकडावा, मग ग्लाइड स्लोप. तो काटा हलू लागला की चाके खाली. उतरण्याचा दर, फूट प्रतिमिनिटात, जमिनीवरील वेगाच्या (नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत) साधारण पाचपट. विदर्भात येथे एक महत्त्वाची भर घालावी लागते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ अंशांवर असेल, तर वेगमापकावरचे १४० नॉट सोनेगावच्या उंचीवर (सुमारे ३१५ मीटर) खरे १५० नॉटच्या घरात जातात. वारा नसल्यास दर ७५० ते ८०० ठेवावा लागतो. उंचीमापकही उन्हात फसवतो : तो धावपट्टीपासून २,००० फूट दाखवत असताना विमान खरे सुमारे २,२०० फुटांवर असते. शलाकेचा कोन जमिनीवरून पक्का बसवलेला असल्याने ती मात्र उन्हाने हलत नाही. हिवाळ्यात तुरीला मारणारी जी धुवारी (दाट धुके) सकाळी पडते, तिचेच दृश्य अनुरूपकात लावून सराव करणे उत्तम.

स्थळ म्हणून सोनेगावच सोयीचे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रासची विमाने मध्यरात्री याच विमानतळावर टपालाची अदलाबदल करत. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. मात्र तिथली पट्टी १,८५० मीटरची आणि सेवा एटीआर-७२ या पंख्याच्या लहान विमानाची, म्हणून जेटच्या सरावाला ती तितकी सोयीची नाही.

साधने : मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीला सुमारे १५० जीबी जागा लागते. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर ती उतरवायला शंभर दिवस जातील. खेड्यात म्हणून फ्लाइटगिअर हा मोफत अनुरूपक किंवा जुन्या आवृत्त्या बऱ्या. उपकरण-अवतरणासाठी सुंदर देखाव्याची गरजही नाही.

निर्णय-उंची : सर्वसाधारण (पहिल्या) श्रेणीत ती धावपट्टीपासून २०० फूट असते. तिथे पट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर शक्ती पूर्ण देऊन पुन्हा वर जायचे. घरच्या सरावात बहुतेक जण हे टाळतात, कारण इथे कोणी दगावत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दहापैकी निदान तीन वेळा, काटे अगदी मध्यावर असतानाही, मुद्दाम वर जाऊन पाहावे.