७०-३०० घ्यावी की ७०-२०० एफ/२.८?

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सनंतर दुसरी लेन्स घ्यायची म्हटलं की यादीत या दोन हमखास येतात. दोन्ही ७० मिमी फोकल लेन्थपासून सुरू होतात (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). एक ३०० पर्यंत जाते, दुसरी २०० लाच थांबते. तरी २०० वाली कित्येक पट महाग, आणि वजनाला जवळपास दीड किलो. कमी लांबचं दाखवणारी लेन्स महाग कशी, हा प्रश्न रास्तच आहे.

उत्तर लेन्सच्या पुढच्या काचेभोवती किंवा नळीवर छापलेलं असतं. ७०-३०० वर १:४.५-६.३ किंवा १:४-५.६ असं लिहिलेलं दिसेल, दुसरीवर फक्त १:२.८. हा आकडा म्हणजे लेन्सचं जास्तीत जास्त उघडणारं ॲपर्चर. फोकल लेन्थला या आकड्याने भागलं की उजेड आत यायला किती रुंद वाट मिळते ते कळतं. ३०० ला एफ/५.६ असेल तर साधारण ५४ मिमी, २०० ला एफ/२.८ असेल तर ७१ मिमी. म्हणून एफ/२.८ वाल्या लेन्सला ७७ मिमीचा फिल्टर लागतो आणि साध्या ७०-३०० ला ५८ किंवा ६७ मिमीचा. पैसे आणि वजन या रुंद काचांपायी वाढतं. कॅननची ७०-२०० एफ/२.८ एल आयएस III १४८० ग्रॅमची आहे, निकॉनची ७०-२०० एफ/२.८ई १४३० ग्रॅमची. त्यांच्यासमोर निकॉनची डीएक्स (लहान सेन्सरच्या) बॉडीसाठीची एएफ-पी ७०-३०० व्हीआर अवघी ४१५ ग्रॅम भरते.

आता उजेडाचा हिशेब. एफ/२.८ पासून एफ/५.६ पर्यंत दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड), म्हणजे चौपट उजेडाचा फरक. एफ/६.३ धरला तर पाचपट. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहात कथ्थकचा कार्यक्रम आहे, फ्लॅश चालणार नाही. एफ/२.८ वर १/२५० सेकंद शटर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ला फोटो नीट येत असेल, तर एफ/५.६ वर तोच फोटो आयएसओ ६४०० ला येईल. आयएसओ वाढवायचा नसेल तर शटर १/६० वर आणावं लागेल, आणि १/६० ला नर्तकीचे हात पुसले जातात. स्टॅबिलायझेशन (निकॉनमध्ये व्हीआर, कॅननमध्ये आयएस) इथे कामाचं नाही. व्हीआर किंवा आयएस तुमच्या हाताचा थरकाप सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत पळणारी पोरं टिपायची तर १/५०० लागणारच, मग लेन्सवर चार स्टॉपचं व्हीआर लिहिलेलं असो की नसो.

दोन आकड्यांच्या लेन्सची आणखी एक गोष्ट नवख्यांना फार छळते. ४.५-६.३ म्हणजे ७० ला एफ/४.५ मिळतं, आणि झूम करत जाल तसं ते आपोआप कमी होत ३०० ला एफ/६.३ होतं. मॅन्युअल मोडमध्ये ७० वर एफ/४.५ लावून एक्स्पोजर जमवलं आणि मग झूम करून चेहरा जवळ घेतला, तर फोटो पूर्ण एक स्टॉप काळा येतो. लॉनवरच्या लग्नात छत्रीवाला फ्लॅश मॅन्युअल पॉवरवर असेल तर हे हमखास होतं, आणि दोष फ्लॅशला किंवा ट्रिगरला दिला जातो. उपाय सोपा आहे: अशा वेळी सुरुवातीपासूनच एफ/६.३ किंवा एफ/८ लावा, म्हणजे झूमभर आकडा हलणार नाही. तुमच्या लेन्सचं ॲपर्चर नेमकं कुठे बदलतं हे घरीच बघता येतं. ए किंवा एव्ही मोड (ॲपर्चर आपण ठरवायचा) लावा, ७० वर सगळ्यात लहान एफ आकडा घ्या, व्ह्यूफाइंडरमध्ये बघत झूमची रिंग हळूहळू फिरवा. २०० ला पोचेपर्यंत बहुतेक ७०-३०० लेन्स एफ/५ वर किंवा त्याच्याही पुढे गेलेल्या दिसतील. एफ/२.८ वालीत आकडा हलतच नाही.

जंगलात काय होतं

नागपुरात टेली लेन्स घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात ताडोबा, पेंच नाहीतर उमरेड-कऱ्हांडला असतं, आणि तिथे ३०० हवीच असा समज असतो. जरा मोजून बघू. १.५ क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीवर ३०० मिमीला ३० मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण २.३५ मीटर येते. २०० मिमीला ती साडेतीन मीटर येते. आडवा चालणारा मोठा वाघ शेपटीसकट पावणेतीन-तीन मीटर भरतो. म्हणजे वाघ जिप्सीपासून ३० मीटरवर असेल तर ३०० मध्ये शेपूट कापली जाते आणि २०० मध्ये वाघ पूर्ण बसतो. ६० मीटरवर मात्र २०० ची फ्रेम सात मीटरची होते आणि वाघ त्यात निम्म्याहून कमी उरतो. तिथे ३०० चा खरा फायदा आहे.

पण २०० वर काढलेला फोटो कापून ३०० इतका जवळ आणला तरी ४४ टक्के पिक्सेल शिल्लक राहतात. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर साडेदहाच्या वर. एवढ्यात ८ बाय १२ इंचाची प्रिंट निर्धास्त निघते. आयएसओ ६४०० ला दाणेदार झालेला आणि वर हललेला फोटो मात्र कापून सुधारत नाही.

हिवाळ्यात सकाळच्या सफारीला गेटमधून आत शिरताना उजेड जेमतेम असतो. त्यात वाघ बांबूच्या सावलीत. त्या पहिल्या तासात एफ/६.३ ची लेन्स घेऊन बसलेल्याला आयएसओ ६४०० च्या खाली उतरता येत नाही, आणि ऑटोफोकस मागेपुढे घुटमळत राहतो. डीएसएलआरचे फोकस पॉइंट लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच काम करतात. बऱ्याच बॉडींत एफ/५.६ पर्यंतच सगळे पॉइंट भरवशाचे असतात, आणि वरच्या वर्गाच्या कित्येक बॉडींत मधला पॉइंट एफ/२.८ ची लेन्स लावल्यावर जास्त अचूक होतो. ऊन वर आलं की चित्र पालटतं. उघड्यावर १/१०००, एफ/८, आयएसओ ४०० सहज मिळतं, आणि ४१५ ग्रॅमची लेन्स चार तास हातात धरणारा दीड किलोवाल्यापेक्षा जास्त फोटो घेऊन येतो.

एफ/२.८ वालीची आणखी एक जमेची बाजू: तिला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसून फोकल लेन्थ वाढवणारा) लावता येतो. मग ती ९८-२८० एफ/४ होते. ३०० च्या अगदी जवळ, आणि तरी एफ/५.६ पेक्षा एक स्टॉप उजळ. २ चा लावला तर १४०-४०० एफ/५.६, पण त्यात काठांची धार बोथट होते आणि फोकस मंदावतो. साध्या ७०-३०० ला कंपनीचे कन्व्हर्टर बसत नाहीत. दुसऱ्या कंपनीचे बसतात, पण एफ/८-एफ/९ झालं की फोकस लागतच नाही. ते पैसे वाया जातात.

जिप्सीत इंजिन सुरू असेल आणि निकॉनच्या लेन्सवर ॲक्टिव्हचा पर्याय असेल, तर व्हीआर ॲक्टिव्हला ठेवा, बंद झालं की नॉर्मलला. इंजिन सुरू असताना लेन्स गाडीच्या लोखंडी दांडीला टेकवू नका, सगळी थरथर थेट लेन्समध्ये येते. मधे बीनबॅग ठेवा. रिकामी पिशवी घेऊन जा आणि मुक्कामी तांदूळ भरा, वाहून न्यायचं ओझं वाचतं. फोकस लिमिटर असेल तर तो लांबच्या टप्प्यावर ठेवा (निकॉनच्या एफ/२.८ईवर ५ मीटर ते अनंत, कॅननच्या III वर २.५ मीटर ते अनंत), म्हणजे फोकस जवळच्या गवताच्या पात्यावर धावणार नाही. बटण अर्ध दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतं, त्याला अर्धा सेकंद द्या आणि मग पूर्ण दाबा.

धुळीचा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही, पण मार्च ते जूनमध्ये तोच मोठा होतो. ७०-३०० झूम करताना नळीसारखी लांब होते. प्रत्येक वेळी आत हवा खेचली जाते आणि हवेबरोबर धूळ. एफ/२.८ वाल्या या लेन्सचं झूम आतल्या आत होतं, लांबी बदलत नाही, आणि माउंटला (लेन्स बॉडीला बसते त्या कड्याला) धूळ-पाणी अडवणारं रबर असतं. ७०-३०० असेल तर समोरची जिप्सी धूळ उडवत असताना लेन्स ७० वर बंद ठेवा, वरून दुपट्टा टाका, आणि लेन्स बदलायचं काम गेटबाहेर येईपर्यंत नको. बाहेर आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. धूळ न उडवता कापड फिरवलं तर तेच कण काचेवर ओरखडे काढतात.

मे महिन्यात नऊ-दहानंतर तापलेल्या रस्त्यावर हवा नाचायला लागते. मग १०० मीटरवरच्या प्राण्याचा फोटो लिबलिबीत येतो, लेन्स कुठलीही असो. तेव्हा लेन्सची धार तपासत बसू नका. जवळचं टिपा नाहीतर सावलीतलं.

मागचा भाग धूसर करण्याबद्दल

पार्श्वभूमी फक्त एफ/२.८ नेच विरघळते, असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. १.५ क्रॉपवर १० मीटर अंतराला २०० मिमी एफ/२.८ ची नीट फोकसमध्ये येणारी खोली साधारण २६ सेंटिमीटर असते, तर ३०० मिमी एफ/५.६ ची २४. फरक नसल्यासारखाच. फुटाळा तलावाच्या काठावर एकट्या माणसाचा चेहरा टिपायचा आणि मागचं पाणी दूर असेल, तर ७०-३०० पूर्ण ३०० वर नेऊन सुंदर फोटो निघतो. एफ/२.८ चा वरचष्मा दिसतो तो जागा कमी असताना, म्हणजे हॉलमध्ये ७० ते १३५ च्या मधे काम करायचं असताना. मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीच्या गल्ल्यांत तर या दोन्ही लेन्स अडचणीच्या. क्रॉप बॉडीवर ७० म्हणजे १०५ सारखं, आणि मागे सरकायला जागा नसते. तिथे १८-५५ ची किट लेन्सच बरी.

मग कुणी काय घ्यावं? दिवसाउजेडी जंगल, पोळा, प्रवास, घरची मुलं असं असेल तर ७०-३०० घ्या, पण स्टॅबिलायझेशन असलेलीच. इथे नावांत फसायला होतं. निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआरसह आणि व्हीआरविना अशा दोन्ही प्रकारांत निघाली, दिसायला जवळपास सारखी. कॅननच्या जोडपाकिटात मिळणाऱ्या ७५-३०० III ला आयएस नाही, ती ७०-३०० आयएस II नव्हे. थोड्या पैशांसाठी हा पर्याय स्वीकारू नका. रंगमंच, लग्नं, मानकापूरच्या क्रीडा संकुलातलं बॅडमिंटन असं काम असेल, तर एफ/२.८ ला पर्याय नाही. खेळाला १/६४० च्या आसपास शटर लागतं. वजन झेपत नसेल तर मधली वाट ७०-२०० एफ/४ ची: ८०० ग्रॅमच्या आसपास आणि झूमभर एकच ॲपर्चर.

बॉडीशी जुळणी आधी बघा. एएफ-पी लेन्स निकॉनच्या डी३१००, डी३२००, डी५१००, डी७०००, डी९० वर फोकसच करत नाही, हातानेही नाही. डी३३०० आणि डी५३०० ला फर्मवेअर अपडेट लागतो. डी३४००, डी५६००, डी७५०० वर काही अडचण नाही. उलट, निकॉनच्या डी३०००-डी५००० मालिकेच्या बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ८०-२०० एफ/२.८डी स्वस्तात मिळाली तरी ऑटोफोकस होणार नाही. कॅननमध्ये पांढऱ्या चौकोनी खुणेची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर बसत नाही, लाल ठिपक्याची ईएफ दोन्हींवर बसते.

ठेवताना एक खास आपल्याकडची काळजी. बुरशी पावसाळ्यातच लागते असं समजून मेमध्ये लेन्स उघड्या कपाटात ठेवली जाते, आणि त्याच खोलीत दिवसरात्र पाण्याचा कूलर चालू असतो. त्या खोलीतली हवा दमटच असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठीक. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून वाळवा.

एफ/२.८ बहुतेक जण सेकंडहँडच घेतात. घेताना आपली बॉडी घेऊन जा. दोन्ही झाकणं काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी आहे, दोन-चार धुळीचे कण असतील तर चिंता नको. फोकस करताना कर्कश किंकाळीसारखा आवाज आला तर मोटर संपत आली आहे. व्हीआरची हलकी गुणगुण चालते, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारत असेल तर नको. ट्रायपॉडची कॉलर सोबत आहे ना बघा.

मग २०० वर एफ/२.८ लावून ५ मीटरवरच्या तिरप्या धरलेल्या वर्तमानपत्राच्या एका ठरावीक ओळीवर फोकस करा. तिथे खोली साडेसहा सेंटिमीटरच असते, त्यामुळे फोकस पुढे पडतो की मागे ते लगेच दिसतं. निकॉन डी७२०० किंवा कॅनन ८०डी सारख्या बॉडीत हे मेन्यूतून जुळवता येतं, सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडीत नाही. शेवटी विटांच्या भिंतीसमोर अगदी समांतर उभं राहून एक फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर ठीक. एकच कोपरा विरघळलेला असेल तर आतली काच सरकलेली आहे, लेन्स कधीतरी पडली असावी. ती कितीही कमी भावात मिळाली तरी परत करा.